आत्तीच्या पोटातलं मीठ

सातारा, ३ मार्च २०२५

ती. राहीआत्तीस,
वीरधवलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी मधेच निसटतो म्हणून तू पत्राची अट घातलीस, तर घे. फलटणच्या कारखान्यातलं काम सोडलं. मधे कोयनानगरला जाऊन आलो, तिथं घाटात माकडानं टोपी पळवली. ते राहू दे. सध्या मित्राच्या, शाहरुखच्या खोलीवर आहे. तो दवाखान्यात डायलिसिसचं मशीन चालवतो, म्हणून तुझं प्रेशर त्याला सांगितलं.

तो म्हणतो, किडनी रक्तातलं पाणी आणि मीठ नळ्यांत गाळून घेते आणि बहुतेक सगळं परत रक्तात ओढते. मीठ जास्त झालं की ती स्वतःच डोपामिन बनवते. ते नळ्यांना सांगतं, बास, आता ओढू नका, लघवीवाटे जाऊ द्या. प्रेशरच्या काही माणसांत नळ्या ऐकतच नाहीत, अगदी माझ्यासारख्या. मग मीठ आत राहतं, मिठामागं पाणी थांबतं आणि प्रेशर चढतं. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ह्या प्रेशरपायी दोनदा पुढं गेलंय. मीठ कमी कर, गोळी चुकवू नको.

रागावलीस तरी लोभ सोडू नको.
तुझा वीरधवल

शिराळा, ११ मार्च

चि. वीरधवल यास अनेक आशीर्वाद.

टोपी गेली ते बरं झालं, लय मळली हुती. डोपामिनचं गल्लीतल्या स्वप्नालीला विचारलं. ती कॉलेजात शिकलीया, म्हणाली आनंद झाला की ते सुटतंय. म्हणून आठ दिवस नुसती हसत बसले. तरी प्रेशर एकशे सत्तर! डॉक्टर म्हणाले, मावशी, तुमी मीठ खाताय. न्हाई रं खात. भाजी अळणी, लोणचं बंद, गोळी येळेवर. लबाड ठरले ह्याचं लय लागलं.

डोळ्याला आता पापड पातळ झाला का जाड, दिसंना. माझ्यासंगं पापड लाटणारी शेजारची चांदबी हसती. उडदाचं पीठ रोज मळतोय, ऑर्डरी लय. प्रत्येक घाण्यातली लाटी मी चाखल्याबिगर लाटायला देत न्हाई, तीस वर्सांचा नेम हाय.

जेवतोस का? लोभ हाय तो वाढू दे.
राहीबाई

सातारा, १६ मार्च

ती. आत्तीस, शि. सा. न.

तुझं पत्र शाहरुखला वाचून दाखवलं. लाट्यांपाशी आलो आणि त्यानं कपाळावर हात मारला. लाटी म्हणजे मीठ आणि पापडखार, आणि दोन्हींत सोडियम! ताटातलं सोडलंस आणि परातीतलं खातेस. तू लबाड नाहीस, नेमाची आहेस. आणि हसण्याचं म्हणशील तर डोक्यातलं डोपामिन वेगळं, किडनी आपलं तिथंच बनवते. तरी हस, पण लाटी चांदबीला चाखू दे.

इथं एकाकडं बोलका पोपट बघितला... असो, जागा संपली. माया असू दे.
वीरधवल

शिराळा, ९ एप्रिल

चि. वीरधवल यास आशीर्वाद.

चांदबीला चाखायला बसवली. पहिले दोन दिस तिच्या तोंडाकडं बघून माझी जीभ वळवळत हुती, हात पदरात धरून बसले. काल प्रेशर एकशे छत्तीस! डॉक्टरनी ऑपरेशनला सोमवारची तारीख दिलीया. त्यास्नी लाट्यांचं सांगितलं, तर लय हसले आणि म्हणाले, मावशी, माझंच चुकलं. तू रविवारी ये, आणि सोमवारी दवाखान्यातनं निसटायचं न्हाई.

एक गोष्ट लिहिणार नव्हते. ह्या खेपेचे पापड गिऱ्हाईक दुप्पट मागतंय. म्हणतंय, तीस वर्सांत पहिल्यांदा मीठ बेतात पडलं. चांदबीला ठाऊक हाय, आता तुला. तिसऱ्याला कळलं तर लोभ बंद.
राहीबाई