जिच्या टोपलीत दगड

मु. पो. चिखला
ता. ९ डिसेंबर २०२४

आधी हे सांग, माझा फोटो तुमच्या हापिसच्या भिंतीवर काहून लावला? तू पाठवलेल्या फोटोत तू अन् चार गोरे लोक केक खाऊन राहिले, आणि मागं भिंतीवर मी, डोक्यावर टोपली घेऊन. शालूनं बोटानं मोठा करून दाखवला. भिंतीवर मेलेल्या माणसाचा फोटो लावतेत. आपल्या घरी तुझा आजा परसराम आहे, हार घालून. मी अजून दोन्ही टाइम भात खाते.

चि. भावनास बायजाबाईचा जयभीम आणि आशीर्वाद. तब्येत बरी आहे. कान तेवढे गेले. फोनवर तू मासोळीवानी तोंड हलवते अन् मी हो हो म्हणते. त्यापेक्षा कागद बरा. प्रौढ वर्गात पाटी घासली ते आता कामी येऊन राहिलं. मी लिहिते, तुझी शालूआत्या त्याचा फोटो काढून तुले पाठवते, अन् तुझं पत्र झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून आणते. ती सगळं वाचते, पण तिचं तोंड मी बांधून ठेवलं आहे.

तुझा बाप अंकुश टिप्पर घेऊन जिथं थांबते तिथं तुझी कंपनी सांगते. चहावाला आता त्याले पाहूनच दुसरीकडं तोंड करते. सहा तारखेले विहारात गेली होती, गुडघ्यानं त्रास दिला पण पूर्ण वंदना होतपर्यंत बसली. तिथं मँगनीजच्या खाणीतल्या आपल्या जुन्या गँगच्या बायांना सांगितलं का भावना मालातला दगड निवडायची मशीन बनवून राहिली. विमलाबाई म्हणाली, आपण चोवीस वर्षं बोटं काळी केली, अन् त्याच कामासाठी नातीले इंजिनियर व्हावं लागलं. मी म्हटलं, तुझी नात तर अजून गहू निवडत नाही.

तिथं खाते काय, झोपते किती, साहेब कसा आहे ते नीट लिही. नुसतं मजेत आहे असं लिहू नको, मजेत तर म्हशीही असतेत. अन् भिंतीवरचा फोटो उतरव. लोभ ठेव, पण आधी स्वेटर घाल.

तुझी आजी
बायजाबाई

०

ताम्पेरे, फिनलंड
ता. १२ डिसेंबर २०२४

ति. आजीस,
भावनाचा सविनय जयभीम वि. वि.

हार घातलेला नाही, शपथेवर सांगते. आमच्या ऑफिसात आम्ही दहा जण. ज्याच्याकडून काम शिकलो त्याचा फोटो प्रत्येकानं आपल्या टेबलामागं लावायचा अशी इथली पद्धत. आमच्या साहेबानं त्याच्या वडिलांचा लावलाय, ते लाकडाच्या गिरणीत गाठी पाहून फळ्या निवडायचे. मी कॉलेजातल्या सगळ्यांना आठवून पाहिलं, शेवटी तुझाच लावला. साहेबाला साहेब म्हटलेलं चालत नाही, नुसतं यूहानी म्हणायचं. माझी जीभ अजून अडखळते, आणि तो आत आला की मी उभी राहते. मग तोही उभा राहतो, त्याला वाटतं मला कुठं जायचंय.

दारात जोडे काढून मोज्यांवर काम करतात. जेवण सकाळी अकराला. कप ज्याचा त्यानं धुवायचा, यूहानीनंसुद्धा. दिवस साडेनऊला उजाडतो आणि तीनला मावळतो. बसमध्ये कुणी बोलत नाही, पहिल्या आठवड्यात मला वाटलं गावात कुणी गेलंय. तळघरात एक गरम खोली आहे, शुक्रवारी सगळे घाम काढायला बसतात, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. तांदूळ मिळतो, पण आपल्या तांदळाचा वास त्याला नाही.

सहा डिसेंबरला मी खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या, बाबासाहेबांसाठी. बाहेर पाहिलं तर गावातल्या घराघरांत खिडकीत दोन-दोन मेणबत्त्या. तो यांचा स्वातंत्र्याचा दिवस निघाला. खालच्या म्हाताऱ्या बाईनं दुसऱ्या दिवशी हात हातात घेऊन आभार मानले. मी काही सांगितलं नाही, पण एकटं वाटलं नाही.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. बाबांना कळू देऊ नकोस.

आमची मशीन म्हणजे एक पट्टा. त्यावरून खाणीतला खनिजाचा माल दगडांसकट पळतो, वर कॅमेरा. कॅमेऱ्याला दगड दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. कोणता माल आणि कोणता दगड हे मशीन फोटो पाहून शिकतं. ते वीस हजार फोटो काढायचं काम माझं होतं. मी सगळे ऑफिसात काढले, कोरडे, पांढऱ्या ताटावर. गेल्या आठवड्यात उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणीत पहिली चाचणी झाली. बर्फ वितळून अर्धे दगड ओले झाले होते, आणि मशीननं ओला दगड सगळा माल म्हणून घेतला. पंधरा जानेवारीला दुसरी चाचणी आहे. तीही फसली तर खाणवाले मशीन घेणार नाहीत आणि कंपनी बंद करावी लागेल.

सगळे कॅमेऱ्यात खोट शोधतायत. मला सोमवारीच कळलं की खोट माझ्या फोटोंत आहे. मी बोलले नाही. जानेवारीअखेर माझी नोकरी कायम व्हायची किंवा नाही ते ठरतं, आणि नोकरी गेली तर देशही सोडावा लागेल. तुम्ही पावसाळ्यात ओला दगड कसा ओळखत होता?

लोभ आहे तसाच राहू दे, पत्र वाचून झाल्यावरसुद्धा.

तुझी
भावना

०

चिखला
ता. १४ डिसेंबर

चि. भावनास जयभीम आणि आशीर्वाद.

गरम खोलीत घाम काढायले इतक्या दूर काहून गेली? मे महिन्यात तुमसरच्या बाजारात उभी राहिली असती. साहेब स्वतः कप धुते हे मात्र मले पटलं. तुझ्या आज्यानं सारी जिनगानी गिलास जिथं पिला तिथंच ठेवला.

दोन गोष्टी विचारल्या तू. एक दगडाची विचारली, दुसरी न विचारता विचारली.

दगडाची आधी ऐक. ओल्या दगडानं सगळ्यांनाच फसवलं आहे, मशीन काही वेगळी नाही. पण डोळा ओल्यानं फसत नाही, अर्ध्या ओल्यानं फसते. एक सुका, त्याच्या बाजूले ओला, मंग ओला तो काळा दिसणारच. पावसाळ्यात आम्ही अख्खी टोपली पाण्यात बुडवत होतो. धूळ गेली, सगळे सारखे ओले झाले, का मंग खरा रंग समजते. दगडाचे दाणे उघडे पडतेत, माल गपचूप काळा राहते. तरी शंका आली तर उचलून पाहत होतो, वजन खोटं बोलत नाही. तुमच्या मशीनले हात नाही, तर तिले निदान आंघोळ घाला. पट्ट्याच्या आधी पाण्याचा फवारा लावा, अन् तुझे फोटो सगळे ओले करून पुन्हा काढ. वीस हजार काय मोठे, आम्ही दिवसाचे किती उचलले ते कोणी मोजलंही नाही.

आता दुसरी. मी गँगमध्ये नवी होती तेव्हा एक दिवस घाईत माझ्या टोपलीतून मोठा दगड ढिगात गेला. मले दिसला. बोलली नाही, वाटलं हजेरीतून नाव कटेल. मुकादमानं तो काढला आणि अख्खा ढीग पुन्हा निवडायले लावला. सुट्टीचा भोंगा होऊन गेला तरी अकरा जणी वाकलेल्या होत्या. विमलाबाईचे पोटुशीचे दिवस होते, सातवा महिना. ती उठताना माझ्या खांद्यावर हात टेकून उठली. तो हात मले अजून जड लागते.

त्यानंतर आम्ही नियम केला. जिच्या टोपलीत दगड, तिनंच हात घालून काढायचा, अन् सगळ्यांसमोर काढायचा. हसल्या तर हसल्या बाया. तुझ्यापायी नऊ माणसं कॅमेरा उघडून बसले आहेत अन् तू मोजे घालून चूप बसली आहे. नोकरी जाईल तर जाईल. इथं घर आहे, खोली आहे, अंकुशले मी पाहून घेते. पण दगड लपवून टिकलेली नोकरी मले सांगू नको.

हे पत्र वाचून झालं का लगेच जाऊन सांग, चहा प्यायले थांबू नको. लोभ आहेच, त्याची आठवण करून द्यायची गरज नाही.

बायजाबाई

०

ताम्पेरे
ता. १८ जानेवारी २०२५

ति. आजीस,
सविनय जयभीम वि. वि.

चहा प्यायले नाही. तुझं पत्र शनिवारी आलं, सोमवारी सकाळी सगळे होते तेव्हाच उभी राहून सांगितलं. तुझा फवाऱ्याचा उपायही सांगितला. यूहानीनं विचारलं, मशीनला आंघोळ घालायची हे कुणाचं डोकं. मी भिंतीकडं बोट दाखवलं. तो उठून फोटोजवळ गेला. चूक कळूनही आठवडाभर गप्प का बसलीस, एवढंच मला विचारलं. नोकरीची भीती वाटली, हे खरं ते सांगितलं.

पुढचे चार आठवडे मी त्या तळघरातल्या गरम खोलीशेजारी बादली घेऊन बसले. दगड बुडवायचा, फोटो काढायचा, पुढचा घ्यायचा. बोटं फुटली. कुणी न सांगता दुसऱ्या दिवसापासून पाळीपाळीनं एकेक जण दगड बुडवून द्यायला येऊन बसू लागला. यूहानी रोज शेवटी यायचा आणि बादली रिकामी करायचा.

पंधरा तारखेला चार तास पट्टा चालला. मग मशीननं निवडलेल्या ढिगातले शंभर नग यूहानीनं खाणवाल्यांसमोर स्वतः तपासले. अठ्ठ्याण्णव बरोबर, दोन दगड निघाले. खाणीनं वर्षभरासाठी मशीन घेतली. काल माझी नोकरी कायम झाली. बाबांना आता सांगितलं तरी चालेल, चहावाल्याची मात्र दया येते.

ते दोन दगड यूहानीनं डब्यात बांधून तुला पोस्टानं पाठवलेत. मशीन का फसली ते तुझ्याकडून त्याला समजून घ्यायचंय. तुझा फोटो ऑफिसच्या दारात लावू का, हेही त्यानं विचारलंय.

विमलाआजीला माझा जयभीम. तुझा लोभ आहे म्हणूनच उभी राहता आलं.

तुझी
भावना

०

चिखला
ता. १० फेब्रुवारी २०२५

चि. भावनास जयभीम.

डबा मिळाला. पोस्टमननं विचारलं, बाई, परदेशातून काय आलं. मी म्हटलं, दगड. तो हसला. चिखल्यात दगड बाहेरून येतेत हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

विमलाबाईले बोलावून घेतली, दोघी ओट्यावर बसलो. लोखंड आम्ही कधी निवडलं नाही, पण जड ते जड. एक नग दगडच आहे, तुझी मशीन तिथं फसली. दुसरा हातात घेतला अन् हात खाली गेला. विमलाबाईच्याही हातात दिला, तिचाही गेला. पाण्यात बुडवून फिरवून पाहिला. एका अंगानं दगड, तीन अंगानं माल. तरी हातोडीनं फोडला, पोटात सगळा माल. मशीननं बरोबर घेतला होता. तपासणाऱ्यानं वरचं एक अंग पाहिलं अन् दगड म्हणून बाजूले काढला. शंभरात चूक एकच आहे, दोन नाही. चांगलं काम केलं पोरी. हे मी एकदाच लिहिते.

फोडलेले दोन्ही तुकडे माझ्याजवळ आहेत, कोणाले पाहायचे असतील तर इथं यावं. फोटो दारात लावा म्हणा, तिथं येणारा-जाणारा तरी दिसते. हार चालणार नाही.

आता नियम तुले माहीत आहे. याचं उत्तर तू लिहायचं नाही, शालूनंही फोन करायचा नाही. ज्यानं माल दगड म्हणून काढला, त्या यूहानीनं स्वतःच्या हातानं लिहायचं, आणि लिहिलेलं आधी तुम्हा सगळ्यांना वाचून दाखवायचं.

बायजाबाई