हिरव्या जाळाचा राब

पोलादपूर,
१६ नोव्हेंबर २००३

ती. शकूताईस,
सहदेवचा नमस्कार. मी बरा हाय. या खेपेचं पत्र सारिकाच्या अक्षरात बघून बरं वाटलं. लेक बाळंतपणाला कुडपणला आली, सातवा सरला, दोन वेळा नव्या तांदळाची पेज पिते, सगळं कळलं. तू गावच्या मोरूबरोबर पाठवलेला तांदूळही पोचला.

आमच्या बिरवाडीच्या कारखान्याच्या सांडपाण्याचं तळं आता ओळखू येणार नाय. आधी काळं-तांबडं पाणी होतं. कॉलेजच्या बाईंनी त्यात जलपर्णी सोडली, तिनं सगळी घाण पिऊन टाकली. आता तळ दिसतो. पण गो ताई, त्यात बेडूक नाय, बगळा उतरत नाय. झाडं उपसायला मी कमरेएवढ्या पाण्यात उतरतो, तेव्हा मुळं पाय चाचपतात. पाणी जितकं घाण तितकी ती हिरवीगार. तिच्याकडे पाठ करवत नाय.

भाताचं रोप टाकायच्या जागी राब भाजताना जाळ हिरवा निघाला, पोरी बघायला धावल्या, असं तू लिहवलंस. यंदा खाचरात एक खेकडा दिसला नाय, तेही. मी ते चार वेळा वाचलं.

उन्हाळ्यात राबाला जाळायला पाला नाय म्हणून तू रडत होतीस. म्हणून वाळलेल्या जलपर्णीच्या वीस गोणी मी टेम्पोनं धाडल्या. राबातून उरलेल्या जाळून तू राख खाचरात फेकलीस. बाई नंतर म्हणाल्या, पाण्यातलं विष नाहीसं होत नाही, झाडात जाऊन बसतं. जाळलं तरी राखेत राहतं.

नंतर म्हणजे जूनमध्ये. लावणी व्हायची होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून भ्यालो, आणि तू गावभर माझं कौतुक करत होतीस, ते मोडवलं नाय. मला माझीच लाज वाटते.

तांदळाची पिशवी आठ दिवस उघडी ठेवली. एक मुंगी फिरकली नाय. दाण्यात किती उतरलंय ते मला ठाऊक नाय. काल बाईंना सगळं सांगितलं, मूठभर तांदूळ तपासायला दिला.

आज तुझ्याकडेच निघालो होतो. पोलादपूरच्या स्टँडवर पाय अडले. मोरू वर कुडपणला चाललाय, त्याच्याकडे हे देतो. उद्या दुसरा तांदूळ घेऊन येतो.

सारिका बाय, तुझ्या आईला अक्षर येत नाय, म्हणजे हे तूच वाचतेस. हातात पेजेची वाटी असेल तर आधी खाली ठेव. मग आईला मोठ्यानं वाचून दाखव, एक ओळ गाळू नकोस.

ज्यानं राब पाठवला तो तुझा मामा,
सहदेव