आजची पोथी तुम्ही वाचा

अहो,

मी आणि सूनबाई लातूरहून दुपारीच आलो. तुम्ही शाळेतून याल तेव्हा मी गोळ्यांच्या गुंगीत असेन, म्हणून लिहून ठेवते. समोरचे दोन्ही दात वाचले! हिरडी सरकून दातांची मुळं उघडी पडली होती, तिथं डॉक्टरीणबाईंनी तोंडातल्याच टाळूचं कातडं लावून शिवलं. मी तर मनातून कधीच कवळी लावून बसले होते. ठणकतंय, पण जीव लई हलका झालाय.

सूनबाईनं पेज केलीय, गार झाली की मला उठवून द्या. तुमच्या भाकरी दुरडीत आहेत.

येता सोमवार धरू नका म्हणाल्या डॉक्टरीणबाई, गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत. महादेव समजून घेईल. टाके सुकेपर्यंत बोलायचंही नाही. पण रोज मोठ्यानं पोथी वाचायचा नेम मोडायला मन धजत नाही. दिवेलागणीला आजचा अध्याय तुम्ही वाचाल का? तुमचा विश्वास नाही, ठाऊक आहे. देवासाठी नका वाचू, ऐकायला मी बसते. फक्त राक्षसाचा आवाज काढू नका. हसले की टाके ओढतात.

शिवकन्या