यादीत मामा चारशे अकरावे

सोलापूर,
रविवार, २ मे २००४

तीर्थस्वरूप यल्लप्पामामांच्या चरणी भाचा गुरुशांत याचे डोके टेकवून शरणार्थी.

इकडे आम्ही सर्वजण शिवकृपेने बरे आहोत, आपली खुशाली कळावी. आपला खोकला आता कसा आहे? डाव्या गुडघ्याला मामी तेल लावतात ना? वळसंगला यंदा ऊन फार असेल. इथं तर दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवतं, सोडायला तयार नसतं. उन्हात बाहेर पडू नये, पडावंच लागलं तर ओला टॉवेल डोक्याला गुंडाळावा आणि चहा कमी करावा. (हे डॉक्टरांचं म्हणणं आहे, माझं नव्हे. मी औषध कंपनीचा माणूस असल्यामुळे तब्येतीच्या बाबतीत घरात मला कुणी विचारत नाही.)

पत्र लिहिण्यास कारण की, येत्या अकरा तारखेला मंगळवारी आपल्या भाचीच्या, शिवलीलाच्या, अक्षता आहेत, त्याला नऊ दिवस उरले आहेत आणि आपण लग्नाला उभे राहणार नाही असं चार माणसांत बोललात. आपल्याकडे नवरीला हाताला धरून मंडपात आणायचं ते मामानं. शिवलीला कालपासून ताटावर बसते आणि भाकरी चिवडून उठते. "मामा न्हाईत तर मी चालू कुणाचा हात धरून?" एवढंच एकदा म्हणाली. मामा, चूक माझी आहे. पण ती कशी झाली हे सांगायचं तर आधी माझ्या पामटॉपबद्दल सांगायला पाहिजे, आणि पामटॉपबद्दल बोलायला लागलो की मला थांबता येत नाही. तरी राग गिळून शेवटपर्यंत वाचावे.

हे यंत्र कंपनीनं गेल्या श्रावणात आम्हा सगळ्या विक्रीवाल्यांना दिलं. पंचांगापेक्षा लहान, वजनाला दोन पेढ्यांच्या पुड्याएवढं, आणि त्याच्या पोटात एक प्लास्टिकची काडी. ती काडी काचेवर टेकवली की आत काय काय उघडतं म्हणून सांगू! पहिल्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं सांगत नाही. पाच हजार नावं त्यात मावतात. सन २०३१ च्या एक मेला वार कोणता, असं विचारलं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगतं, गुरुवार. (२०३१ च्या डिसेंबरनंतरचं मात्र त्याला काहीच माहीत नाही. तिथं काय होणार आहे असं मी साहेबांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, तू या महिन्याचं टार्गेट बघ.) नातेपुत्याच्या एका डॉक्टरांची मुलगी आरोही बारावीला आहे, हे त्यात टिपून ठेवलं होतं. सहा महिन्यांनी गेलो आणि विचारलं, "आरोहीचे पेपर कसे गेले?" डॉक्टरांना भरून आलं. म्हणाले, सख्ख्या भावानं विचारलं नाही. तोटा एवढाच, की त्यांनी कौतुकानं यंत्र हातात घेतलं आणि त्यांच्याच नावाखाली मी लिहिलेलं दुसरं वाक्यही वाचलं: 'बोलतात फार, औषध लिहीत नाहीत.'

तोटे सांगायचे तर असे किरकोळ बरेच आहेत. त्या काचेवर अक्षरं आपल्या मनासारखी चालत नाहीत, त्याला हवी तशीच काढावी लागतात. इंग्रजी ए काढायचा तर मधली आडवी रेघ द्यायची नाही. इतके महिने तसं गिरवून माझा हातच वळला, आणि बँकेत माझी सही माझ्याच सहीशी जुळेना. दुसरं म्हणजे वाढदिवस. मी नातेवाइकांच्या जन्मतारखा उत्साहानं भरल्या. आपल्या पिढीतल्या एकूण एक माणसाला शाळेत घालताना मास्तरांनी एक जून लावलेला. येत्या एक जूनला सकाळी हे यंत्र अठ्ठावन्न वेळा वाजणार होतं. तिसरं, खंडेनवमीला अप्पांनी हत्यारांच्या पूजेत ते मांडलं आणि त्याच्या कपाळावर, म्हणजे काचेवर, विभूतीची तीन बोटं ओढली. यंत्रानं ती काडीच समजली आणि एका दमात तीन पानं उघडली. अप्पांनी हात जोडले. म्हणाले, "घेतलं बग त्यानं!"

अप्पांचं आणि यंत्राचं जमलं ते तेव्हापासून. त्यांनी बत्तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात जेकार्डचे पुठ्ठे पाडले, हे आपण जाणताच. पुठ्ठ्याला कुठं भोक, कुठं नाही, त्यावरून माग चादरीत मोर उठवतो. अप्पांना कंपनीतल्या इंजिनिअरपेक्षा लवकर समजलं. मला म्हणाले, "ह्यात नवं काय न्हाय. बारीक पुठ्ठे हायत आत, लई बारीक." मी या बोलण्यानं थक्क झालो. आणि मामा, तिथंच घात झाला.

लग्न ठरल्यावर पाहुण्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी चारशे बारा नावं चार दिवसांत काडीनं आत घातली. मराठी त्याला येत नाही, म्हणून इंग्रजीत. शेवटचं नाव घालून काडी टेकवली आणि सगळी नावं डोळ्यांदेखत आपोआप ओळीत उभी राहिली, ए पासून झेडपर्यंत! मी अप्पांना, अव्वाला, शिवलीलाला, शेजारच्या पद्मशाली वहिनींना, सगळ्यांना बोलावून दाखवलं. चारशे बारा माणसं, कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही, धक्काबुक्की नाही. लग्नाच्या पंगतीत मी हे कधी पाहिलेलं नव्हतं. प्रत्येक नावापुढे एक रिकामा चौकोन. पत्रिका दिली की काडी टेकवायची, चौकोनात खूण उमटते. सिद्धेश्वराला पत्रिका ठेवून आलो आणि त्याच संध्याकाळी यादीतल्या पहिल्या माणसाला, रीतीप्रमाणे नारळ आणि कुंकू घेऊन, मी आणि अप्पा निघालो. ते निघाले अब्बासभाई बँडवाले.

त्यांना सुपारी आधीच दिलेली होती. तरी आम्ही नारळ पुढं केला तेव्हा त्यांनी टोपी डोक्यावर सारखी केली आणि दोन्ही हातांनी घेतला. "बीस साल से बजा रा मैं, पैली पत्रिका कोई नै दिया," म्हणाले आणि डोळे पुसले. तो प्रसंग पाहून आम्हाला वाटलं, यंत्राच्या मनात काही तरी मोठं आहे.

आता खरं ते सांगतो. बसप्पाकाका अक्कलकोटला राहतात. ते बी मध्ये आहेत, म्हणून त्यांच्याकडे जाताना आम्ही मोटरसायकलवरून वळसंगमधून गेलो. परत आलो ते भीमाआत्यांसाठी टेंभुर्णीला. मग चंद्रव्वा पुन्हा अक्कलकोटला, मग दोन जण अकलूजचे, मग कमलम्मा परत अक्कलकोट. आपल्या घरावरून आम्ही जाऊन येऊन सहा वेळा गेलो. आपण कट्ट्यावर बसला होतात. पहिल्या वेळी आपण उठून उभे राहिलात आणि आत बघून काही बोललात, बहुधा मामींना चहा टाकायला सांगितलात. मी हात केला आणि पुढं गेलो. (तो हात मी आयुष्यात विसरणार नाही. त्या वेळी मात्र मला वाटलं, मामा खूश झाले.) दुसऱ्या फेरीत मी गाडी हळू केली. म्हणालो, अप्पा, पत्रिका जवळ आहेत, नारळ आहे, मामा समोर दिसतायत, देऊन टाकू या की. अप्पा मागं बसून ओरडले, "वाय कुटं अन् सी कुटं! मधला पुठ्ठा काढलास की मोराच्या मानंवर शेपूट येतंय!" बत्तीस वर्षांचा अनुभव बोलत होता, मी गाडी पळवली. (हे अप्पा बोलले असं मी सांगितल्याचं त्यांना कळू देऊ नये. घरात चूक माझी एकट्याची असंच ठरलेलं आहे.)

अव्वा रोज विचारायची. सख्ख्या भावाचं तिच्या ध्यानात नसेल असं मनातसुद्धा आणू नये. "माज्या यल्लप्पाण्णाचं नाव हाय न्हवं त्यात?" मी काडीनं खाली खाली जाऊन दाखवायचो, "हाय की, हे बघ." तिला इंग्रजी येत नाही, पण काचेवर भावाचं नाव उजेडात बघून तिला समाधान वाटायचं. तिला वाटलं, नाव आहे म्हणजे पत्रिका पोचली. आपला नंबर चारशे अकरा होता. आपल्यानंतर फक्त शेंगाची चटणी कुटणाऱ्या झुंबरबाई. आर संपता संपता रुद्रप्पांकडे गेलो तेव्हा त्यांनी नारळ हातात घेतला आणि विचारलं, "मामाची पत्रिका जाली न्हवं?" अप्पांनी यादीतला नंबर सांगितला. रुद्रप्पांनी नारळ परत आमच्या पिशवीत ठेवला. म्हणाले, "आदी तितं जावा. मग माज्याकडं या." पण तोंड घेऊन वळसंगला यायचं धैर्य आम्हाला झालं नाही, आम्ही गाडी घराकडे वळवली.

मामा, मी यंत्राला दोष देत नाही. त्यानं त्याचं काम चोख केलं. आपण माझ्या मुंजीच्या वयापासून, म्हणजे माझ्या अय्याचार दीक्षेपासून, प्रत्येक कार्यात पहिल्या जागेवर बसलात, आणि मी आपल्याला रांगेत उभं केलं. मला त्याची लाज वाटते. राग माझ्यावर काढावा, चारचौघांत दोन थोबाडीत माराव्यात, पण शिवलीलाचा हात धरायला नाही म्हणू नये. ती लहानपणापासून जत्रेत आपलंच बोट धरून फिरली आहे. दुसऱ्या कुणाचं तिला जमायचं नाही.

मामींना शरणार्थी. लहानांना आशीर्वाद. 

आपला गुन्हेगार भाचा,
गुरुशांत

ता. क. वर तब्येतीची चौकशी केली ती पत्राची रीत म्हणून. आपला खोकला कसा आहे हे मला इथं स्वयंपाकघरात ऐकू येतंच आहे. काल दुपारच्या एसटीनं आपण पिशवी घेऊन आलात, बाहेरच्या खोलीत बाजेवर रस्त्याकडे तोंड करून बसलात, ते बसलात. आमच्याशी अबोला असल्यामुळे पत्र लिहिण्यावाचून इलाज राहिला नाही. रुसायला माणूस तिकीट काढून येतो याचं अप्पांना फार कौतुक वाटतंय. मात्र वळसंगहून बांधून आणलेली धपाटी आता शिळी झाली असतील, आणि पाण्याचा तांब्या पद्मशाली वहिनींकडून मागवलात म्हणून अव्वा चुलीजवळ बसून रडते आहे. तेवढं एक पाणी घरचं घ्यावं.

ता. क. दोन. मुद्द्याची अडचण अशी की मामाला पत्रिका मामाच्या घरी जाऊन द्यावी लागते, आणि आपण आमच्या घरी आहात. अप्पांचं म्हणणं, आपण उद्या पहिल्या एसटीनं वळसंगला परत जावं. पाठोपाठ आम्ही चौघं नारळ, खण, कुंकू घेऊन येऊ. आपण कट्ट्यावर बसावं आणि आम्हाला बघून आश्चर्य वाटल्यासारखं करावं. मग सगळे मिळून परत येऊ. अव्वा म्हणते, एकदा गेला तर तो परत यायचा नाही, मी दाराला कडी घालते. यावर निर्णय आपणच द्यावा.

ता. क. तीन. आता शेवटचं आणि खरं. रुद्रप्पांकडून आलो त्या दिवसापासून घाबरून मी यंत्र चार्ज केलं नाही. काल आपण आलात तेव्हा ते पूर्ण विझलं. पुन्हा चालू केलं तर आत काहीच नाही. चारशे बारा नावं गेली, खुणा गेल्या, आरोहीची बारावी गेली. ते संगणकाला जोडून सगळं उतरवून ठेवायचं असतं, असं माहितीपुस्तकाच्या दुसऱ्याच पानावर आहे. मी ते आज वाचलं. कुणाला पत्रिका दिली, कुणाला राहिली, आम्हा बापलेकांना काही सांगता येत नाही. काल संध्याकाळी मात्र आपण खिडकीतून पद्मशाली वहिनींना रागानं सांगत होतात, "ऐका, मान कसा देत्यात ते!" आणि पणजोबांच्या भावकीपासून सगळं गोत मानाप्रमाणे पाऊण तास सांगितलंत. एक नाव दोनदा आलं नाही, एक सुटलं नाही, गेलेली माणसं आपण ओघातच वगळलीत. मी दाराआड उभा होतो. पामटॉप पहिल्यांदा उघडला तेव्हा आला होता, त्याहून मोठा काटा माझ्या अंगावर आला.

पत्र चहाच्या बशीखाली ठेवून शिवलीला बाहेर येते आहे. मी उंबऱ्याच्या आत वही उघडून बसलो आहे. पहिलं नाव मी माझ्या अकलेनं लिहिलं आहे. दुसऱ्यापासून आपण सांगा.