फ्रिजमधले कांदे

९ नोव्हेंबर १९८६, सनीव्हेल

फ्रिज उघडला तर खालच्या फळीवर कुंड्या! मातीने भरलेल्या! माझं आंबोळ्यांचं पीठ बाहेर ओट्यावर उतू जातंय, आणि या कुंड्या आत गारव्याला. पान नाही, फूल नाही — मातीतून कांद्याची टाळकी तेवढी वर. सूनबाई म्हणे, "ऑर्किड्स आहेत आई. हिमालयातली. विंटरभर झोपतात. इथे पुरेशी थंडी नाही ना, म्हणून फ्रिज."

हिमालयातली फुलं, विलायतेच्या नर्सरीतून मागवलेली, अमेरिकेच्या फ्रिजात! धन्य आहे विनीताची.

१६ नोव्हेंबर

राजीवच्या ऑफिसातली मंडळी जेवायला. मी हाताने चक्का फेटून श्रीखंड केलं, ते राहिलं बाजूला — विनीताने कुंड्या काढून दाखवल्या. सगळे वॉव वॉव! कांदे बघून वॉव! मग फोटो दाखवला. जांभळं फूल आहे, बरंय. सांगलीला माझ्या अंगणात तेरडा फुलतो, त्याला कुणी फ्रिजात निजवत नाही.

२ डिसेंबर

इथे तुळस नाही. आंघोळ झाली की कशाला तरी पाणी घातल्याशिवाय मला घास उतरत नाही. हे गेले त्या आठवड्यातही चुकवलं नव्हतं. आज दोघं कामावर गेल्यावर फ्रिज उघडला आणि तांब्याभर पाणी कुंड्यांना घातलं. माती नुसती कोरडी ठणठणीत! एवढी शिकलेली मुलगी, पाणी घालायचं कळू नये?

३ डिसेंबर

घातलं. जेवण गोड लागलं.

११ जानेवारी १९८७

विनीताने कुंड्या बाहेर काढल्या. कांदा दाबला तर बोटांत पिचकला. दुसराही. तीन कुंड्या तेवढ्या धड राहिल्या, बाकी सगळा चिखल.

"पाणी कुणी घातलं?"

"मी. रोज."

"विंटरमध्ये यांना कोरडंच ठेवायचं असतं, आई. मी सांगायला हवं होतं."

बस्स, एवढंच! ओरडली असती तर मलाही भांडता आलं असतं. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती. नळ सोडला म्हणजे ऐकू येत नाही असं वाटतं या पोरींना. मला फार वाईट वाटलं. पण कांद्यांसाठी रडायचं?

१२ जानेवारी

राजीव म्हणाला, "आई, किती वर्षं सांभाळली होती तिने. विचारायचं तरी यार!"

आईला यार! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुमच्या फ्रिजात कुंड्यांना जागा आहे, माझ्या पातेल्याला नाही. तिकीट काढ. मी जाते सांगलीला."

वळले तर विनीता दारात. ऐकलं तर ऐकलं!

२५ जानेवारी

तिकीट आलं. एक मार्चचं. राजीव तोंड पाडून फिरतोय — आता कशाला? विनीता म्हणते, "मार्चएण्डला फुलं येतील आई, बघून गेला असतात." तीन कांदे, आणि म्हणे फुलं!

सांगलीच्या घराला कुलूप आहे. उघडलं तरी आत कोण आहे? जायची भीती वाटते. पण आता शब्द मागे कसा घेऊ?

७ फेब्रुवारी

सकाळी फ्रिज उघडला. खालची फळी मोकळी, पुसून लख्ख, आणि मधोमध माझं पिठाचं पातेलं. उरलेल्या कुंड्या विनीताने ओरेगॉनच्या मैत्रिणीला देऊन टाकल्या.

"तिकडे थंडी असते, त्यांचं छान होईल. तुम्ही राहा ना आई."

फुलं देऊन सासू ठेवून घेतली! असा आतबट्ट्याचा व्यवहार शहाणं माणूस करतं का?

राजीवला म्हटलं, तिकीट कॅन्सल कर. आणि त्या ओरेगॉनवालीला फोन लाव. म्हणावं, कुंड्या परत दे — आणि पाणी घालू नकोस!