नरसम्माचं भाषण

सोलापूर, मंगळवार, संध्याकाळ

…आणि युनियनच्या सभेत नरसम्माने गरम भांडं धरावं तसा पदराने माइक धरला. तिचा नवरा गिरणीत मागावरच वारलेला. वाक्य मात्र मी लिहून दिलेलं: "तुम्ही उद्या कामावर गेलात, तर ते पुन्हा मरतील." संप मोडायला निघालेले कामगार रडले. संप चालू ठेवायला सगळे हात वर झाले.

खाली उतरून ती मला म्हणाली, "तुमी सांगितलं तसंच बोलले की, सर. आता माझ्या पोराला तेवढं उद्या कामावर जाऊ द्या. घरात ज्वारी न्हाय."

मी काय म्हणालो? "छान बोललात." एवढंच. पदर अजून तिच्या मुठीत होता. ती स्वतः रडली नव्हती, हे आत्ता लक्षात येतंय.

बुधवार. सकाळी भोंगा झाल्यावर तिचा मुलगा कामावर जायला फाटकापाशी आला. नरसम्माचा मुलगा म्हणून कामगारांनी त्याला हार घातला आणि घरी परत पाठवलं.