जमिनीलगतचं बटण

ती. दादा, जय भीम.

आम्ही इकडे कॅनडात बरे आहोत. अर्धांगाच्या झटक्यापासून फोनवर तुमचं बोलणं मला कळत नाही आणि मग तुम्हीच चिडता, म्हणून लिहितेय. आई वाचून दाखवेल.

घराखालच्या तळघराचं काम सुरू झालंय. तुम्ही याल म्हणून मागच्या वर्षीच त्यात तुमच्या सुतारकामाची खोली धरली होती. मिस्त्री उंच टेबल आखत होता. मी म्हटलं, टेबल नको, आमचे दादा खाली बसून, फळी पायानं दाबून रंधा मारतात. तो लई हसला. दिव्याचं बटणही मी जमिनीपासून दीड फुटावर घ्यायला लावलं, बसल्या जागी हात पोचेल असं.

तिकडे गावी, डिंगोऱ्यात, थंडी पडली का? रंध्याच्या पात्याला आईकडून तेल लावून घ्या. उजव्या हाताची बोटं हलतात का? आई म्हणते हलतात, पण लगेच दुसरंच काही बोलायला लागते.

काल मिस्त्रीनं विचारलं, बटण त्यांच्या उजव्या हाताला घेऊ की डाव्या?

मी तिथंच खाली बसून दोन्ही हात भिंतीकडे लांबवून पाहिले. मग म्हटलं, दोन्हीकडे घ्या.

तुमची लेक,
ज्योत्स्ना